नेत्रावतीने निघतोय

प्रिय सुध्या,

वर्षभर तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, शिव्या घालत असशील. घाल. तब्येत बरी, शुगर आटोक्यात.

रेवाला एझिमलाच्या नौदल प्रबोधिनीचं जॉइनिंग लेटर आलंय. नौदल! पेढे वाटून झाले, आणि मी चार रात्री जागा आहे. हिच्याशी बोलवत नाही. होस्टेलच्या गच्चीवर कॅप्टन सामंतांवरून आपण कसे भांडलो होतो, आठवतं? पहाटेपर्यंत! शेवटी रेक्टर काठी घेऊन वर आले.

मोहन नारायण सामंत. १९६९ला सोव्हिएत रशियात रिगाला ‘करंज’ पाणबुडी आपल्या नौदलात आली, तिचे पहिले कप्तान. आणि पाणबुडीवाल्या माणसाला महावीर चक्र मिळालं ते एकाहत्तरच्या युद्धात, पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्याच्या गढूळ नदीतल्या कामगिरीसाठी. तू म्हणायचास, नशीब. मी चिडायचो. पलाशीच्या, म्हणजे प्लासीच्या, छावणीत शिकलेली बंगाली पोरं गमछ्याने अंगाला सुरुंग बांधून त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंजच्या पाण्यात उतरली. त्या मोहिमेच्या आखणीत जो माणूस होता, त्याचं कसलं नशीब रे? अजूनही हेच म्हणेन.

पण १० डिसेंबर १९७१ तेव्हा मला नुसता पराक्रम वाटला होता. ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि आपल्या गावाच्या नावाची ‘पनवेल’ या बोटी मोंगल्याहून खुलन्याकडे निघाल्या होत्या. वर आपलीच विमानं आली. ओळख पटावी म्हणून बोटींना पिवळा रंग दिलेला. सामंतांनी विमानं ओळखली, गोळी झाडू दिली नाही. तरी वरून मारा झालाच. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ पेटल्या. ‘पलाश’च्या इंजिनरूममधला रुहुल अमीन त्याच दिवशी गेला. आणि सामंत ‘पनवेल’ घेऊन लढत राहिले.

सुध्या, शत्रूच्या गोळीची भीती मी गिळीन. बापाने ती गिळायचीच असते. पण आपल्याच माणसाच्या चुकीने माझी पोर गेली तर कुणावर रागवू? त्या संध्याकाळी पुढचा हुकूम देताना सामंतांच्या घशातून आवाज कसा निघाला असेल?

काल रेवा ओसरीवर पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना खडू लावत होती. फीत काढून, शिवणीत बोट घालून, सावकाश. मी तसाच आत गेलो.

वहिनींचा गुडघा कसा आहे? यंदा कलमं धरली का?

शनिवारी नेत्रावतीने निघतोय, पय्यन्नूरपर्यंत मीही जातो. संध्याकाळी रत्नागिरीला गाडी थांबेल. फलाटावर ये. तिला तू ‘जा’ म्हण, माझ्या तोंडून अजून निघालेलं नाही.

तुझा,
विन्या