जोखमीच्या गर्भावस्थेतील मृतजन्माचे कारण शोधा

महोदय,

गरोदर स्त्रीच्या कार्डावर अतिजोखमीचे लाल स्टिकर लागले आणि पुढे बाळ पोटातच दगावले, की ‘जोखीम होतीच’ या उत्तरावर बहुतेक ठिकाणी विषय संपवला जातो. परंतु जोखीम हे मृत्यूचे कारण नव्हे. त्या जोखमीने बाळाला नेमके कसे गाठले, हे शोधल्याशिवाय त्याच मातेच्या पुढच्या गरोदरपणात उपचार कोणते करायचे, हे ठरवता येत नाही.

मातेचा रक्तदाब वाढलेला असेल तर पुष्कळदा वारेकडे (पोटात बाळाला पोषण व प्राणवायू पुरवणाऱ्या प्लासेंटाकडे) जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद राहिलेल्या असतात, बाळाची वाढ आठवड्यांमागून आठवडे खुंटत जाते, आणि कधी वार अचानक सुटून काही तासांत सारे संपते. मधुमेहात बाळ अंगाने मोठे दिसत असतानाही शेवटच्या आठवड्यांत त्याला प्राणवायू अपुरा पडू शकतो. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा विचार टाळून चालणार नाही, कारण हा आजार असलेल्या मातेच्या वारेत रक्तप्रवाह अडून वारेचे काही भाग निकामी होऊ शकतात. (नुसत्या वाहक स्त्रियांनी मात्र यामुळे धास्तावू नये.) सिफिलिससारखा संसर्ग तर एका स्वस्त रक्ततपासणीत सापडतो आणि वेळेवर पेनिसिलीन दिल्यास बाळ वाचू शकते.

मृत्यू प्रसूतिवेदना सुरू होण्यापूर्वी झाला की वेदनांदरम्यान, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जगभरातील मृतजन्मांपैकी ४० टक्क्यांहून अधिक वेदनांदरम्यान होतात. गडचिरोली, गोंदिया किंवा बालाघाटहून नागपूरच्या मेडिकल, मेयो अथवा डागा रुग्णालयात पाठवलेल्या मातेच्या बाबतीत बाळाचे ठोके शेवटचे केव्हा ऐकले आणि ती तेथून केव्हा निघाली, या नोंदी सोबतच्या चिठ्ठीवर असल्या तरच याचे उत्तर मिळते.

सर्वांत जास्त माहिती वारेत असते, आणि नेमकी तीच जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. शवविच्छेदनाला कुटुंबे सहसा तयार होत नाहीत, ते समजण्यासारखे आहे. पण वारेचे वजन करून ती पॅथॉलॉजीकडे पाठवणे, बाळाचे वजन व बाह्य तपासणी नोंदवणे आणि मातेची साखर, रक्तगटाशी संबंधित अँटीबॉडी व संसर्ग तपासणे एवढे तरी व्हायला हवे. हे सर्व करूनही काही मृत्यूंचे कारण सापडत नाही. तसे असेल तर तसेच लेखी सांगावे, कारण उत्तर नसले की घरात दोष बाईलाच दिला जातो: ग्रहणात भाजी चिरली, जड बादली उचलली.

मृतजन्म नोंदवण्याच्या नमुना क्रमांक ३ मध्ये कारणाचा रकाना आहे. २०१४ च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्यात २०३० पर्यंत मृतजन्मांचे प्रमाण दर हजारी दहाच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. तो रकाना नीट भरला गेला नाही, तर प्रतिबंध कशाचा करायचा तेच कळणार नाही. नागपुरातील वैद्यकीय महाविद्यालयांत पॅथॉलॉजी विभाग आहेत. लहान प्रसूतिगृहांतून वार फॉर्मॅलिनमध्ये (ती खराब होऊ न देणाऱ्या द्रवात) तेथे पोहोचवण्याची आणि अहवाल मातेला मराठीत समजावून सांगण्याची व्यवस्था आरोग्य विभागाने करावी. कारण रक्तदाबाचे निघाले, तर पुढच्या खेपेला सोळाव्या आठवड्यापूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲस्पिरिन सुरू करता येते.

– एक निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, धंतोली, नागपूर