द्रवस्फटिक ‘अर्धवट वितळलेला’ नसतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला एलसीडी म्हणजे द्रवस्फटिकाच्या पडद्यांवरचा लेख आवडीने वाचला, पण ‘द्रवस्फटिक म्हणजे अर्धवट वितळलेला पदार्थ’ हे वाक्य खटकले. महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे द्रवगतिशास्त्राचे गणित शिकवले, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवेना.

१८८८ मध्ये प्रागच्या राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट हे रसायन १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ आणि १७८.५ अंशांना नितळ होताना दिसले. मधला तो गढूळ पदार्थ वाहतो, म्हणजे द्रवच. फक्त त्याच्या लांबट रेणूंनी शेजाऱ्यांशी जुळवून दिशा धरलेली असते.

पाण्याच्या गणितात रेणूचे तोंड कुठे आहे हे कुणी विचारत नाही, वेग आणि दाब कळले की भागते. इथे ते विचारावेच लागते. म्हणून एरिक्सन आणि लेस्ली या गणितज्ञांनी प्रत्येक बिंदूपाशी रेणूंची सरासरी दिशा दाखवणारा एकक सदिशही (एक एकक लांबीचा बाण) अज्ञात धरला. प्रवाह त्या दिशेला फिरवतो आणि फिरलेली दिशा प्रवाहाला बदलते. लेस्लींच्या १९६८ च्या मांडणीत श्यानतेचे, म्हणजे द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाचे, गुणांक सहा आहेत; त्यांतले पाचच स्वतंत्र, हे पारोदी या भौतिकशास्त्रज्ञाने नंतर दाखवले.

आमची मुले बहुतेक ऊसवाल्यांची. मी त्यांना सांगायचो, पाटात उसाची टिपरी आडवी पडली तरी काठाशी पाणी संथ आणि मध्ये ओढीचे, म्हणून ती वळून प्रवाहाच्या दिशेला लागते. सुट्या टिपरीला शेजारणीची ओढ नसते, रेणूला असते, एवढाच फरक. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘‘सर, काठाच्या चिखलात रुतलेली टिपरी कशी वळेल?’’ मी खडू खाली ठेवला. तिने सीमा-अट, म्हणजे काठाशी काय घडते ते सांगणारी अट, स्वतःच शोधली होती! पडद्याच्या काचांवरचा पातळ थर एका दिशेने घासलेला असतो, त्यालगतचे रेणू तसेच रुतून राहतात. विद्युतदाब दिला की मधले वळतात, काढला की काठच्यांच्या ओढीने परततात. किती वेळात, ते त्या श्यानतांवर ठरते.

हा भाग अभ्यासक्रमात शेवटी यायचा आणि वेळ संपला म्हणून दरवर्षी वगळायला सांगितले जायचे. तो मी जादा तास घेऊन शिकवला. ‘दिशा धरून वाहणारा द्रव’ एवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित प्राध्यापक, सांगली