मंदारला पत्र : त्या वर्षी खांदा कसा निखळला

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. चौघांनी मिळून स्कीवरून त्या खिंडीपर्यंत जायचं ठरवलंय, वाट नेहमीची नाही, आणि "म्होरक्या अनुभवी आहे, त्यामुळे काळजी नाही" असं तू लिहिलंयस. माझं घोडं त्या शेवटच्या वाक्यापाशी अडलं. म्हणून इतकी वर्षं तुझ्यापासून लपवलेली गोष्ट आज लिहायला बसलो. त्या वर्षी माझा खांदा निखळला, एवढंच तुला ठाऊक आहे. मी हिमस्खलनात गाडला गेलो होतो, ते सगळं मी "पडलो" या एका शब्दात गुंडाळलं होतं. घरी कळू नये म्हणून तुलाही सांगितलं नाही.

आम्ही पाच जण होतो. दोन दिवस वादळानं तंबूत कोंडून ठेवलं आणि तिसऱ्या सकाळी आभाळ असं निवळलं की बूट चढवायलासुद्धा धीर धरवेना. बर्फातली फसवी सकाळ ती हीच. नवा बर्फ पडल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे, आणि ऊन पडतं ते नेमकं तेव्हाच. शिवाय रात्रभर वारा होता. वारा म्हणजे बर्फाचा हमाल. कड्याच्या एका अंगाचा बर्फ उचलून तो दुसऱ्या अंगाला, आडोशाला नेऊन टाकतो. आभाळातून एक कण न पडता तिथं हातभर थर साचतो. वरून दिसायला गुळगुळीत, घट्ट. काठी आपटली तर ढोलासारखा वाजतो.

उतार धरून राहील का, हे तपासायचा खड्डा मात्र आम्ही रीतसर खणला. 90 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर जाड असा बर्फाचा उभा ठोकळा कापून मोकळा केला, एका टोकावर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापा मारायला लागलो. दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून, अशी ती पद्धत. कोपरातल्या तिसऱ्याच थापेला वरचा थर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुटला आणि कपाटाच्या खणासारखा पुढे सरकला. खाली नुसते साखरेसारखे सुटे दाणे. थंडीच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो तेव्हा हे दाणे तयार होतात. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर हवा कडाक्याची थंड. दहा सेंटीमीटरमागे एक अंशाहून जास्त फरक पडला की बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि कणांना कोनदार पैलू फुटतात. पैलूदार कण एकमेकांना धरत नाहीत. मग वर कितीही मजबूत थर येऊ दे, तो गोट्यांवर ठेवलेल्या फळीसारखाच. आणि ही फळी आठवडेच्या आठवडे तशीच टिकते, दोन दिवसांत बसत नाही.

म्हणजे आमच्या प्रश्नाला बर्फानं उत्तर दिलं होतं. आम्ही काय केलं? त्याचा फोटो काढला.

म्होरक्या म्हणाला, "समोर स्कीच्या खुणा आहेत, कोणीतरी गेलंय, उतार धरून आहे." माझ्या घशात "नको" आला होता, अगदी जिभेपर्यंत. पण चौघांनी पट्टे आवळले होते आणि म्होरक्याला माझ्यापेक्षा दुप्पट कळतं, हे मीच मनाशी ठरवलेलं. तो शब्द मी गिळला. पुढे इयन मॅककॅमन या अमेरिकी अभ्यासकाचं काम वाचलं. त्यानं तिथले सातशेहून अधिक हिमस्खलनाचे अपघात तपासले. ओळखीचा उतार, आधीच्या कोणाच्या तरी खुणा, जाणकार म्होरक्या, ठरलेला बेत मोडायचा संकोच : माणसं बर्फापेक्षा यांवर विसंबतात, असं त्याचं म्हणणं. वाचताना वाटलं, हा त्या सकाळी आमच्या मागेच उभा होता की काय! खुणांचं तर काही खरं नसतं. नऊ जण जाड थरावरून सुखरूप जातात आणि दहावा जिथं थर पातळ तिथं पाय देतो.

उतार नंतर मोजला, 36 अंश. लादीसारखे सुटणारे बहुतेक थर 30 ते 45 अंशांच्या उतारांवरच सुटतात. डोळ्यांना तो तसा वाटत नाही, म्हणून मोजायचा.

एकेक करून निघालो, दोघं पलीकडे पोचले, मी मध्यावर. "व्हूम्फ" असा आवाज झाला. बर्फातली माणसं त्याला हेच म्हणतात. दुबळा थर खाली बसतो आणि त्यातली हवा बाहेर पडते. माझ्या वर तीसेक मीटरांवर एक रेघ उमटली. मग पायाखालचा अख्खा उतारच चालायला लागला. पोहल्यासारखे हात मारले, शेवटी एक हात तोंडापुढे आणता आला. बर्फ थांबला त्याच क्षणी तो सिमेंटसारखा आवळला. बोटसुद्धा हलेना. वर कुठे, खाली कुठे, कळेना. ओरडलो, तर आवाज कानाबाहेर गेलाच नाही.

नऊ मिनिटं. पलीकडच्या मित्राच्या घड्याळावर. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली दहांतली नऊ माणसं जगतात. 35 मिनिटं झाली की तीनातलं जेमतेम एक. स्वतःच्याच उच्छ्वासात माणूस गुदमरतो. बाहेरची मदत इतक्या वेळात पोचत नाही, तेव्हा तुझ्याबरोबरची तीन माणसं हेच तुझं बचाव पथक. सगळ्यांनी बीकन, म्हणजे गाडलेल्याचा सिग्नल पकडणारे अंगावरचे छोटे रेडिओ, शोधावर टाकले, एकानं प्रोब, म्हणजे लांब सळई, खुपसली, ती 110 सेंटीमीटरवर माझ्या पाठीला लागली. प्रोब तशीच ठेवून उताराच्या खालच्या बाजूनं आडवं खणत आले. डोक्यावरून खणलं असतं तर माझ्यापाशी होती तेवढी हवाही गेली असती.

आता तुझं. बीकन, प्रोब, फावडं चौघांकडे हवीत, प्रत्येकाच्या अंगावर. चौघांत एक संच असून उपयोग नाही. ज्याच्याकडे तो आहे तोच गाडला गेला तर? मोबाइल बीकनपासून लांब ठेवा, शोधताना तर हातभर दूर. एअरबॅग, म्हणजे दोरी ओढली की फुगणारी पाठीवरची पिशवी, मिळाली तर घे. सुट्या कणांचा ढीग हलला की मोठी वस्तू वर येते, तेच त्यामागचं तत्त्व. पण झाडावर आपटलास तर ती काय करणार?

हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज एक ते पाच असा देतात. तीन म्हणजे मधला, असं समजू नकोस. माणसं मरतात त्यांतली पुष्कळशी याच आकड्याच्या दिवशी, कारण चार-पाचला फारसं कोणी बाहेर पडत नाही. त्या दिवशी 30 अंशांखालचे उतार धरा, आणि वरून येऊन अंगावर पडेल असा उतारही डोक्यावर नको.

आदल्या रात्री म्होरक्याला विचार, "काय दिसलं तर तू परत फिरशील?" उत्तर चौघांदेखत दे म्हणावं. आणि चौघांपैकी कोणीही "नको" म्हटलं की परतायचं, कारण विचारायचं नाही, हेही तिथंच ठरवून टाका. तो चिडला तर मला कळव, मी त्याच्याशी बोलतो.

माझा बीकन ठीक चालतो, तुला देईन. शनिवारी ये. बर्फ नसला तरी चालतो, एक बीकन गवतात पुरून ठेवतो आणि तू घड्याळ लावून शोध. पहिल्या खेपेला तुला वीस मिनिटं लागतील, मलाही लागली होती. बॅटऱ्या नव्या आण, बीकनच्या पुस्तिकेत लिहिलेल्याच प्रकारच्या.

तुझा,
अविनाश