आधी घर एका मतावर येऊ दे

परभणी,
रविवार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू नुसता संतापत होतास आणि मागून वहिनींचं रडणं ऐकू येत होतं, म्हणून तेव्हा मी फार बोललो नाही. लिहिलं म्हणजे दोघंही सावकाश वाचाल.

तुझ्या ओंकारची दारू सुटावी म्हणून त्याला पैठणला नेऊन माळ घालायची, असं आबा म्हणतात. म्हणू देत. माळ घालून सुटलेली माणसं आपल्या पाहण्यात आहेत, पण ती आपल्या पायांनी गेली होती. चौघांनी धरून घातलेली माळ पहिल्या ढाब्यापर्यंत टिकते. लग्नाचं मात्र मनातही आणू नकोस. ‘बायको आली की येईल ताळ्यावर’ म्हणत कुणाच्या तरी लेकीला या आगीत ढकलायचं, हे पाप आहे.

आणि मामांनी आणलेली ती ‘न सांगता दारू सोडवा’वाली पावडर आजच फेकून दे. त्यात काय असतं कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, पण डॉक्टर ती पेशंटला तपासून, त्याला सांगून देतात. चोरून चहात घातली आणि पोरगं वरून प्यालं, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. शिवाय त्याला कळलं तर आईच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही.

खोलीत कोंडायचंही नको. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की हात थरथरतात, झोप उडते. कुणाला पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, कुणाला त्यानंतर भ्रम होऊन नसलेली माणसं दिसतात. आपल्याकडे लोक म्हणतात बाहेरचं झालं, आणि दवाखान्याच्या वेळेला देवऋषी शोधत बसतात. ‘बटन’ही घेतो म्हणालास. त्या नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या. दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो, आणि त्या अचानक बंद केल्या तरी झटके येऊ शकतात. डॉक्टरला दोन्ही सांगायचं, अब्रूपायी काही झाकायचं नाही.

‘तो तयारच नाही तर आम्ही काय करणार?’ हे तुझं पालुपद. अमेरिकेत न्यू मेक्सिकोला रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अडचणीवर काम केलंय. त्यांच्या पद्धतीला क्राफ्ट म्हणतात. त्यात पिणाऱ्याला नाही, आधी घरच्यांना शिकवतात. १९९९ साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात १३० जणांच्या घरची माणसं होती, आणि पिणारे सगळे उपचाराला नकार देणारे. ज्या घरांना या पद्धतीने शिकवलं, त्यांतले ६४ टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारायच्या पद्धतीने आले ३० टक्के. आपण करतो ती दुसरी पद्धत, तीही शिव्या घालून.

आता तुझं घर बघ. आबा अब्रू जाऊ नये म्हणून टपरीची उधारी भरतात. मोठी माय पदराची गाठ सोडून नोट देते. वहिनी ‘ताप आलाय’ म्हणून दुकानमालकाला फोन करतात. तू हात उचलतोस आणि दोन दिवसांनी कीव येऊन गाडीत पेट्रोल टाकून देतोस. चार माणसांची चार धोरणं, आणि कोणतं दार कधी उघडतं हे त्या पोराला पाठ आहे. तेव्हा आधी तुम्ही चौघं एका मतावर या. उधारी त्याची तो फेडेल, खोटा फोन कुणी करणार नाही, पैसे हातात मिळणार नाहीत. जेवण, दवाखाना आणि घराचं दार मात्र बंद करायचं नाही.

प्यालेला असताना एक शब्द बोलू नकोस. सकाळी, शुद्धीवर असताना, थोडक्यात बोल. आणि न पिता घरी आला तर? तू काय म्हणतोस ते मला माहीत आहे: ‘आज सूर्य कुणीकडं उगवला?’ हा टोमणा आपल्या बापांनी आपल्याला दिला, आपण पोरांना देतो. त्या दिवशी पोरगं हातात आलेलं असतं, आणि आपणच त्याला परत टपरीवर पाठवतो. त्याऐवजी त्याला मोटारसायकलवर मागं बसवून शेतात ने, वहिनींना धपाटे करायला सांग, मॅच बघत बसा. लातूरला खोलीवर दोन वर्षं एकटा राहिला, नीटचं जमलं नाही, आणि गावात जो भेटला त्यानं ‘किती पडले?’ एवढंच विचारलं. दुसरं काही विचारणारा घरात कुणीतरी असू दे.

तुझं शनिवारचं ‘बसणं’ही बंद कर. रागावलास तरी चालेल.

सुटल्यावर पुन्हा प्याला तर सगळं मातीत गेलं असं धरू नका, तसं होतं. पण वहिनींवर हात उचलला तर समजावत बसायचं नाही. त्यांनी शेजारी निघून जायचं आणि ११२ लावायचा. अडीअडचणीला व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा १४४१६, दोन्ही फोन फुकट आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. पण केजहून अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज जवळ. तिथं मानसोपचाराला आधी तू आणि वहिनीच जा, ओंकार आला नाही तरी.

उधारीचं आबांशी मी बोलतो. तुझ्या तोंडून त्यांना ते टोचेल. ओपीडीचा वार विचारून कळवतो आणि गंगाखेड-परळीवरून थेट तिकडंच येतो. केसपेपरसाठी आधार कार्ड घेऊन ये, आणि मामांना सोबत आणू नकोस.

तुझा,
बाळू