नायकाच्या शेजारचा म्हातारा

चि. मीनल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या नाटकातही नायिकेच्या मैत्रिणीचंच विनोदी काम मिळालं म्हणून तू हिरमुसली आहेस, असं आई सांगत होती. फोनवर मला असलं काही धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो. जॉर्ज हेजबद्दल तुला कधीपासून सांगायचं होतं.

रॉय रॉजर्सच्या जुन्या काउबॉयपटांत पांढऱ्या दाढीचा, सतत कुरकुरणारा म्हातारा दिसतो ना, तो हा. पडद्यावरचं नाव गॅबी. 1939 ते 1946 या काळात दोघांनी चाळीसहून अधिक चित्रपट केले. हा गृहस्थ मूळचा न्यूयॉर्क राज्यातला, जन्म 1885 चा. तारुण्य फिरत्या नाटक कंपन्यांत आणि व्होडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या, खेळांत गेलं. घोड्यावर बसायला शिकला तो चाळिशी उलटल्यावर, सिनेमासाठी! 1928 मध्ये चार पैसे गाठीला बांधून निवृत्तही झाला होता. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि पुंजी बुडाली. तेव्हा बायकोनं, ऑलिव्हनं, त्याला लॉस एंजेलिसला जायला लावलं. त्या बाईचे उपकार मोठे.

तिथं मिळेल ते काम केलं. जॉन वेनच्या कमी खर्चातल्या चित्रपटांत कधी खलनायक, कधी शेरीफ. 1935 पासून हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉय नायकाच्या चित्रपटांत ‘विंडी’ नावाचा म्हातारा रंगवला आणि लोकांनी उचलून धरला. पुढे पगारावरून बिनसलं. कंपनी सोडली, पण ‘विंडी’ या नावाचे हक्क पॅरामाउंट या चित्रपट कंपनीकडे राहिले. म्हणून रिपब्लिक या दुसऱ्या कंपनीत तो ‘गॅबी’ झाला. दाढी, चाल, कुरकुर सगळं तेच, आणि प्रेक्षकही त्याच्यामागे आले.

प्रत्यक्षात हा माणूस टापटीप कपडे घालणारा, शहरी वळणाचा. म्हणजे तो गबाळा, खेडवळ म्हातारा पहिल्यापासून शेवटपर्यंत रचलेला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता तुझ्या कामाकडे बघ. काउबॉयपटातला नायक कमी बोलतो. त्याचा बेत प्रेक्षकाला कळायचा तर कुणीतरी त्याला खोदून विचारावं लागतं. तो घाबरत नाही, म्हणून शेजारी कुणीतरी घाबरणारं हवं. त्याशिवाय त्याचं धाडस दिसत नाही. गोळीबार संपला की लोकांना श्वास घ्यायला हशा लागतो. आपल्या तमाशात सोंगाड्या हेच करतो, आणि तो पडला तर वग पडतो. काउबॉयपटांच्या सर्वाधिक गल्ला जमवणाऱ्या दहा नटांच्या वार्षिक यादीत गॅबी वारंवार यायचा. त्या यादीत साथीदाराचं काम करणारे फार थोडे.

तुझ्या दुसऱ्या अंकात नायिका रडते, तेव्हा तू नुसती उभी असतेस, असं तूच म्हणालीस. त्या वेळी मैत्रीण काय करत असेल, याचा विचार कर आणि दिग्दर्शकाशी बोल. वाक्य वाढवून मागू नकोस, जागा माग.

पहिल्या प्रयोगाला आम्ही दोघं येतोय. पास मागू नकोस, तिकिटं मी काढतो.

तुझा,
बाबा