मालवणच्या मित्रास: सर्व्हर नेमका कुठे अडकलाय ते आधी बघ

रत्नागिरी,
जुलै, रविवार सकाळ

प्रिय बाबल्या,

सप्रेम नमस्कार.

मच्छीमार सोसायटीच्या सर्व्हरबद्दलचा तुझा निरोप मिळाला. 'डेबियन लिनक्स बारावरून तेरावर गेलो, रीस्टार्ट केला, आता सर्व्हर उठत नाही', एवढंच त्यात आहे. फोनवर बोलावं तर या पावसात तुझ्याकडे रेंज दोन वाक्यंसुद्धा टिकत नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवतो. कमांडी तोंडाने म्हणतो तशाच लिहिल्या आहेत, स्पेलिंग तुला पाठ आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट ऐक. नवीन इन्स्टॉल करायला घेऊ नकोस. सोसायटीत कोणी ना कोणी म्हणेलच, 'फॉरमॅट मार, दोन तासांत उभा राहील.' तसं करू नकोस. अपग्रेड प्रोग्रॅम बदलतं. डिझेलचा हिशोब, बोटींच्या नोंदी, डेटाबेसच्या फायली डिस्कवर जिथल्या तिथे असतात. उठत नसलेल्या दहा सर्व्हरांपैकी बहुतेकांत डेटा शाबूत असतो आणि तो जातो तो घाईत केलेल्या फॉरमॅटने. बॅकअपची यूएसबी डिस्क आत्ताच काढून कपाटात ठेव, आणि पॉवरचं बटण दाबून धरून पुन्हा पुन्हा बंद-चालू करणं थांबव. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत, डिझेल मागायला आज कोणी दारात उभं नाही. अपग्रेडसाठी हे दिवस निवडलेस ते अगदी बरोबर केलंस, आता त्या सवडीचा उपयोग कर.

दूरवरून एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरवर लॉगिन) लागत नाही म्हणजे सर्व्हर उठला नाही, असं धरून चालू नकोस. मॉनिटर आणि वायरचा कीबोर्ड लाव, चालू कर आणि पडद्यावरची शेवटची ओळ वाच. मोबाईलवर फोटो काढून ठेव. मशीन चालू होताना रिले शर्यतीसारखी कामाची बॅटन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते: आधी बायोस (बोर्डातला पहिला प्रोग्रॅम), मग ग्रब (कर्नल निवडून चालू करणारा), मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि त्याच्यासोबतची इनिट-रॅम-एफएस (ड्रायव्हरांचं गाठोडं), शेवटी सिस्टिम-डी (बाकीच्या सेवा उठवणारी). कोणाच्या हातातून ती पडली ते शेवटची ओळ सांगते, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

ग्रबचा मेनू दिसायच्या आधीच 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचं काही येत असेल, तर अपग्रेडला दोष देण्याआधी बायोसमध्ये जाऊन तारीख बघ. तारीख कित्येक वर्षं मागची दिसली तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलाय. नवीन सेल ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदलच. सेल गेला आणि त्यात वीजही गेली की बायोसची सेटिंग्ज मूळ जागी जातात. बूटची यूईएफआय ही नवी पद्धत बदलून लेगसी ही जुनी होते, डिस्कशी बोलायची एएचसीआय पद्धत बदलून दुसरंच काही होतं, आणि मग धडधाकट डिस्कही बूट होत नाही. वर्षभर अखंड चाललेल्या मशीनचे जुने दोष असे पहिल्या रीस्टार्टला बाहेर येतात आणि नाव मात्र अपग्रेडचं होतं. मशीन नुसतं बीप वाजवत असेल तर रॅम काढून पुन्हा बसव. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पट्ट्यांवर थर धरतो. मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायचं, भुगा झटकायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. हे करताना पॉवर केबल काढलेली हवी.

काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' असं दिसत असेल तर ग्रबचा पहिला तुकडा चालू झालाय, पण त्याला त्याची मॉड्यूल्स मिळत नाहीत. 'एलएस' दाबून डिस्कची यादी घे. ज्या पार्टिशनवर ग्रब ही डिरेक्टरी दिसेल तिथला तिचा पत्ता 'सेट प्रीफिक्स'ला दे, मग 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल'. मेनू आला तर जिंकलास. 'सिम्बॉल नॉट फाउंड' आलं तर तिथे झगडू नकोस. पहिला तुकडा जुन्या आवृत्तीचा आणि मॉड्यूल्स नव्या आवृत्तीची, असा तो प्रकार आहे. जुलै २०२० मध्ये ग्रबचं सुरक्षा अपडेट आलं तेव्हा कित्येक मशीन्स याच एका ओळीवर अडकली होती. कारण बहुधा एकच असतं: ग्रबचं पॅकेज अपडेट झालं, पण पहिला तुकडा लिहिला गेला भलत्याच डिस्कवर किंवा दोनांपैकी एकाच डिस्कवर. तुझ्याकडे रेड-वनच्या, म्हणजे एकच डेटा दोन्हींवर लिहिला जाणाऱ्या, दोन डिस्क आहेत, म्हणून हे खास सांगतो. याचा इलाज पेनड्राइव्हवरून, खाली लिहिलाय.

मेनू येत असेल तर अर्धं काम झालं. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि जुनं, म्हणजे डेबियन बाराचं ६.१ कर्नल निवड. तेराचं ६.१२ आहे. अपग्रेड जुनं कर्नल लगेच काढत नाही, ते तुझ्यासाठीच ठेवलेलं असतं. म्हणून नवं कर्नल दोन-तीनदा नीट उठल्याशिवाय नको असलेली पॅकेजेस काढणारं 'ऑटोरिमूव्ह' चालवायचं नाही. जुन्यावर मशीन उठलं तर डिस्क, रेड, डेटा सगळं ठीक आहे, दोष फक्त नव्या कर्नलच्या सामानात आहे.

आणि त्या सामानात सर्वांत जास्त सापडणारी भानगड म्हणजे भरलेलं बूट पार्टिशन. माझा संशय तुझ्या बाबतीतही तिथेच आहे, कारण ते मशीन लावलं तेव्हा बूटला वेगळं छोटं पार्टिशन दिलंय. इनिट-रॅम-एफएस म्हणजे डिस्क, रेड, फाइल सिस्टिम ओळखायला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं. प्रत्येक कर्नलचं वेगळं आणि कित्येक एमबींचं. अपग्रेडमध्ये नवं गाठोडं बांधताना जागा संपली तर ते अर्धवट राहतं किंवा बनतच नाही. त्या वेळी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' अशी ओळ येऊन जाते, पण शेकडो ओळींच्या गर्दीत ती कोणाला दिसत नाही. मग रीस्टार्टनंतर 'कर्नल पॅनिक', त्याच्यासोबत 'अनेबल टु माउंट रूट एफएस' आणि 'अननोन ब्लॉक शून्य, शून्य'. ही ओळ दिसली की डिस्क मेली असं समजून लोक घाबरतात. डिस्कला काही झालेलं नसतं, कर्नलला डिस्क ओळखायचं सामानच मिळालेलं नसतं.

जुन्या कर्नलवर उठून 'डीएफ डॅश एच' बूटवर चालव. शंभर टक्के भरलेलं दिसेल. 'यूनेम डॅश आर'ने चालू कर्नल कुठलं ते बघ. 'डीपीकेजी डॅश एल'मधून लिनक्स-इमेजची यादी काढ आणि चालू असलेलं व नवीनतम सोडून त्याआधीची 'ॲप्ट पर्ज'ने काढ. बूटमधल्या फायली हाताने 'आरएम' करू नकोस, पॅकेज-व्यवस्थेचा हिशोब चुकतो आणि पुढचं अपडेट अडखळतं. निदान ३०० एमबी मोकळी झाली की 'डीपीकेजी, डॅश डॅश कॉन्फिगर, डॅश ए', मग 'अपडेट इनिट-रॅम-एफएस, डॅश यू, डॅश के ऑल', मग 'अपडेट ग्रब'. गाठोडं खरंच नीट बांधलं गेलं का हे 'एलएस इनिट-रॅम-एफएस'ने उघडून बघता येतं. त्यात 'रेड-वन' हे मॉड्यूल आणि रेड सांभाळणारं 'एमडीॲडम' दोन्ही दिसायला हवीत. हे बघितल्याशिवाय रीबूट करू नकोस.

पॅनिक नाही, पण 'अलर्ट, यूयूआयडी अमुक डझ नॉट एग्झिस्ट' (यूयूआयडी म्हणजे डिस्कचा ओळख-क्रमांक) असं म्हणून 'इनिट-रॅम-एफएस'च्या कंसापाशी थांबत असेल, तर गाठोडं मिळालंय, पण रूट डिस्क सापडत नाही. तिथल्या तिथे 'कॅट प्रॉक एमडीस्टॅट' बघ. रेड 'इनॲक्टिव्ह' असेल किंवा यादीच रिकामी असेल तर 'एमडीॲडम, असेंबल, स्कॅन' दे आणि 'एग्झिट' टाइप कर. बूट पुढे सरकलं तर रेडची कॉन्फिग फाइल जुनी आहे. 'एमडीॲडम, डिटेल, स्कॅन' जे सांगतं ते त्या फाइलमधल्या ॲरेच्या ओळींशी ताडून दुरुस्त कर आणि इनिट-रॅम-एफएस पुन्हा बांध. एमडीस्टॅटमध्ये दोन यू म्हणजे दोन्ही डिस्क हजर. एक यू आणि एक अंडरस्कोर असेल तर एक डिस्क रेडमधून बाहेर पडलीये. मग बाकीचं सगळं बाजूला ठेव आणि 'स्मार्ट-सीटीएल डॅश ए'ने दोन्ही डिस्क तपास. ५ क्रमांकाची ओळ बदललेले सेक्टर दाखवते, १९७ क्रमांकाची वाचता न येणारे. १९७ समोर शून्य नसेल तर त्या डिस्कवर एफएससीके (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) चालवायचं नाही, आधी डीडी-रेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची. एरवीसुद्धा एफएससीके माउंट असलेल्या, म्हणजे जोडून वापरात असलेल्या, पार्टिशनवर कधीच नाही.

आता एफएसटॅब, म्हणजे चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी. कर्नल उठतं, सिस्टिम-डीच्या ओळी पळतात, मग एके ठिकाणी दीड मिनिटाचा काटा फिरत राहतो आणि शेवटी 'इमर्जन्सी मोड'. याचा अर्थ एफएसटॅबमध्ये लिहिलेली एखादी डिस्क हजर नाही. तुझ्याकडे बॅकअपच्या यूएसबी डिस्कची ओळ तिथे असणार, आणि मी तर वर ती डिस्क काढायला सांगितलीये! त्या ओळीत 'डिफॉल्ट्स'ला चिकटून स्वल्पविराम देऊन 'नोफेल' लिही, म्हणजे डिस्क नसली तरी सर्व्हर उठेल. 'रूट अकाउंट इज लॉक्ड' म्हणून आत घेत नसेल, तर इन्स्टॉल करताना रूटला पासवर्ड दिला नव्हता. ग्रबच्या मेनूवर 'ई' दाब, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट बरोबर बिन बॅश जोड, कंट्रोल-एक्स दाब. शेल, म्हणजे कमांडी द्यायची जागा, आला की 'माउंट डॅश ओ, रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू' रूटवर, एफएसटॅब दुरुस्त कर, 'सिंक' दे आणि मग रीस्टार्ट.

लॉगिन दिसतंय पण नेटवर्क नाही, असं असेल तर सर्व्हर उठलेला आहे. मोठ्या अपग्रेडनंतर नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं. 'आयपी लिंक'ने नवं नाव बघ आणि 'इंटरफेसेस' फाइलमध्ये जुन्याच्या जागी लिही. एवढंच.

जुनं कर्नलही उठत नसेल किंवा ग्रबच हरवला असेल, तर पेनड्राइव्ह. दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपवर डेबियन तेराचा नेट-इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर लिहून घे. त्याच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'रेस्क्यू मोड' आहे. भाषा, कीबोर्ड इन्स्टॉलसारखंच विचारतो, पण डिस्क पुसत नाही. रूट कुठलं विचारल्यावर आधी 'असेंबल रेड ॲरे' निवड, मग एमडी-झिरो किंवा तुझं जे असेल ते. वेगळं बूट पार्टिशन माउंट करू का, असं विचारलं तर हो म्हण. मग त्या रूटमध्ये शेल उघड. आता तू तुझ्याच सर्व्हरच्या आत आहेस. 'माउंट डॅश ए', मग 'डीएफ डॅश एच', मग वर सांगितलेल्या त्याच तीन कमांडी. डीपीकेजी अडखळलं तर 'ॲप्ट, फिक्स ब्रोकन, इन्स्टॉल'. अपग्रेड चालू असताना वीज गेली असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं.

ग्रब परत बसवताना मात्र जपून. एफएसटॅबमध्ये बूट-ईएफआय अशी ओळ असेल तर मशीन यूईएफआयचं आहे, आणि पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच बूट झालेला हवा, नाहीतर ग्रब बायोसमध्ये आपली नोंद करू शकत नाही. लेगसी असेल तर 'डीपीकेजी रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' चालव आणि यादीत दोन्ही डिस्कांवर खूण कर. एसडीए आणि एसडीबी, एसडीए-वन नव्हे. ग्रब डिस्कवर बसतो, पार्टिशनवर नाही. यूईएफआय असेल तर 'डीपीकेजी रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी ६४' चालव. 'रिमूव्हेबल मीडियाच्या जागीही जादा प्रत ठेवू का', असं तो विचारतो. तिथे हो म्हण. पुढेमागे बायोस आपली बूट-यादी विसरलं तरी त्या जागेवरची प्रत त्याला आपोआप सापडते. ईएफआय पार्टिशन, म्हणजे ग्रबचा पहिला तुकडा ठेवायची जागा, सहसा रेडमध्ये नसतं, हे बऱ्याच जणांना पहिली डिस्क गेल्यावर कळतं. दुसऱ्या डिस्कवरही ते असेल तर तात्पुरतं बूट-ईएफआयवर माउंट करून ग्रब-इन्स्टॉल तिथेही चालव.

सर्व्हर उठला की लगेच सोसायटीच्या ताब्यात देऊ नकोस. 'सिस्टिम-सीटीएल, फेल्ड' बघ, डेटाबेस चालू आहे का बघ, मग एकदा पूर्ण बंद करून, केबल काढून, पाच मिनिटांनी थंड चालू कर. त्यानंतर एक डिस्क काढून बूट करून बघ. मग ती परत जोडून 'एमडीॲडम ॲड' दे. पूर्ण सिंक व्हायला काही तास लागतील, तेवढा वेळ यूपीएसची बॅटरी भरवशाची हवी.

मॉनिटर लावलास की शेवटच्या ओळीचा फोटो पाठव. रेंज नसली तरी बाजारपेठेत गेलास की जाईल. काकींना नमस्कार सांग.

तुझाच,
रत्नागिरीकर