कार्पेटवरचे खळगे आणि भाडेकरूची अनामत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंडला येणाऱ्यांना मार्गदर्शन करणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. बँकेचे खाते, थंडीचे कपडे आणि रेल्वेच्या सवलती यांविषयीची त्यातील माहिती उपयुक्त आहे. मात्र भाड्याचे घर सोडताना पलंग-कपाटांच्या पायांनी कार्पेटवर पडलेले खळगे गरम इस्त्री फिरवून घालवावेत, अन्यथा घरमालक अनामत कापून घेतो, असे जे त्यात म्हटले आहे, त्यातील उपायही धोक्याचा आहे आणि भीतीही अनाठायी आहे. येथे बरीच वर्षे भाड्याच्या घरांत राहिलेला वाचक म्हणून त्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

आधी पैशांचे पाहू. इंग्लंडमध्ये खासगी घरमालकाने घेतलेली अनामत 2007 पासून सरकारमान्य संरक्षण योजनेखाली आणावी लागते. वार्षिक भाडे 50 हजार पौंडांहून कमी असेल, तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक अनामत घेता येत नाही, असे 2019 च्या कायद्याने ठरवले आहे. (स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, हे तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.) घर सोडताना व्यावसायिक सफाईचा खर्च भाडेकरूच्या माथी मारण्याची पद्धतही याच कायद्याने बंद केली. रोजच्या वापराने होणाऱ्या स्वाभाविक झिजेची भरपाई मागता येत नाही आणि फर्निचरखाली दबलेले धागे सामान्यतः अशा झिजेतच धरले जातात. इस्त्रीने वितळलेला त्रिकोणी डाग मात्र कोणत्याही निकषाने नुकसानच ठरतो. ज्या खळग्यापायी बहुधा एक पेनीही द्यावी लागली नसती, तो घालवायला जाऊन खरोखरीचा दंड ओढवून घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

इस्त्रीचा धोका नेमका कशात आहे, हे कार्पेटच्या धाग्यावरून कळते. भाड्याच्या घरांत अनेकदा पॉलिप्रॉपिलीनचे कार्पेट घातलेले असते, कारण ते स्वस्त पडते आणि सहसा डाग धरत नाही. हा धागा साधारण 160 ते 170 अंश सेल्सिअसला वितळतो आणि सुती कपड्यांसाठी तापवलेली इस्त्री त्याहून अधिक गरम असते. नायलॉन अधिक उष्णता सोसतो, तर लोकर वितळत नाही, पण करपते. लोकर आणि नायलॉन ओलावा शोषून घेतात. त्यांना ओलावा आणि ऊब एकत्र मिळाली की दबलेल्या स्थितीत धाग्याला धरून ठेवणारे आतले बंध सैल होतात आणि धागा पुन्हा उभा राहू लागतो, म्हणून वाफेचा उपाय त्यांना लागू पडतो. पॉलिप्रॉपिलीन मात्र पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि दीर्घकाळच्या वजनाखाली ते कायमचे चपटे होते. त्यात धाग्यांखालचे फोमचे अस्तरही दबलेले असेल, तर जड कपाटाखालचा जुना खळगा कोणत्याच उपायाने पूर्ण जात नाही, हे मान्य करून गप्प बसणे शहाणपणाचे.

खटपट करायचीच असेल, तर बर्फापासून सुरुवात करावी. खळग्यात बर्फाचा एक खडा ठेवून तो रात्रभर वितळू द्यावा, सकाळी पाणी टिपून घ्यावे आणि चमच्याच्या बोथट कडेने धागे हलकेच उचलावेत. बर्फ हळूहळू विरघळत असल्यामुळे पाणी एकदम खालपर्यंत जात नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. कार्पेट लोकरीचे आहे अशी खात्री असल्यास ओलसर पांढरे सुती कापड पसरून त्याच्या चार बोटे वर वाफेची इस्त्री धरावी. ती टेकवू मात्र नये. धागा कोणता हे ठाऊक नसेल, तर तो पॉलिप्रॉपिलीनचाच आहे असे समजून वागावे. पाणी ओतून भिजवणे तर कटाक्षाने टाळावे. कार्पेटची पाठ तागाची असेल तर तपकिरी डाग वर येतात आणि हिवाळ्यात बंद खिडक्यांच्या घरात ओल लवकर हटत नाही.

खरे सांगायचे तर आपल्या माणसांना खळग्यांपेक्षा हळदीची भीती अधिक बाळगायला हवी. साडीवर वरण सांडले तर धुऊन उन्हात टाकता येते आणि डाग फिका होतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकून बसवलेले कार्पेट उन्हात कसे नेणार? त्यावर खाण्याचा सोडा किंवा साबण चोळला तर हळद लाल होते आणि लोकरीवर ब्लीच घातले तर धागाच विरतो. खाली बसून जेवायचे असेल, तर जाड सतरंजी आणि तिच्याखाली प्लॅस्टिक हवेच. समईही पसरट ताटात ठेवावी. ओले कपडे त्याच खोलीत वाळवण्याची सवयही सोडावी, कारण दमट हवेत कार्पेटमधील धूळकिडे वाढतात आणि दम्याच्या रुग्णांना त्यांचा त्रास होतो.

नव्या घराचा ताबा घेताना, सामान लावण्याआधी, आधीच्या भाडेकरूच्या पलंगाचे खळगे आणि जुने डाग यांची तारखेसह छायाचित्रे काढून ती घरमालकाला ईमेलने पाठवावीत. वाद झालाच, तर संरक्षण योजनेकडून त्याचा निवाडा विनाशुल्क होतो आणि नुकसान सिद्ध करण्याची जबाबदारी घरमालकावर असते. कार्पेट दहा वर्षांचे जुने असेल, तर नव्याची पूर्ण किंमत त्याला मागता येत नाही. पलंगाच्या पायांखाली ठेवण्याच्या पसरट वाट्या स्वस्तात मिळतात. त्यांनी वजन विभागले जाते आणि खळगा मुळातच उथळ पडतो.

येथील बहुतेक विद्यापीठांचे वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते. त्याआधी आपल्या पुरवणीत इस्त्रीविषयीच्या त्या सूचनेची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मँचेस्टर (इंग्लंड)